एका खुंट्याला दोन हात: डेलनी-बॉनीची ‘होम’

डेलनी आणि बॉनी ब्रॅमलेट या अमेरिकन गायक नवरा-बायकोचं नाव निघालं की ऐकणारे आधी गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं नाव काढतात. मग त्याच्याबरोबरच्या मैफलींचा अल्बम ‘ऑन टूर विथ एरिक क्लॅप्टन’ शोधतात, ऐकतात आणि या जोडीचं प्रकरण तिथंच मिटवतात. त्याआधी, १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीनं काढलेली ‘होम’ ही त्यांची रेकॉर्ड बाजूलाच राहते. दोघांचं गाणं ऐकायचं असेल तर सुरुवात इथून करावी, कारण इथं गिटारवाला पाहुणा मध्ये येत नाही.

डेलनी मिसिसिपीतल्या पोंटोटोकचा, जन्म १९३९. बॉनी इलिनॉयची, जन्म १९४४. आइक आणि टीना टर्नरच्या मागं गाणाऱ्या इकेट्समध्ये ती थोडे दिवस होती, आणि त्या ताफ्यातली ती पहिली गोरी गायिका. १९६७ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी स्टॅक्सचं काम सुरू झालं.

मेम्फिस आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. ते कापसाच्या व्यापाराचं शहर, युनियन ॲव्हेन्यूवर त्यांचं कॉटन एक्स्चेंज होतं. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. त्यांच्या पऱ्हाटीचा आणि आपल्या पऱ्हाटीचा हिशेब असा जुनाच आहे.

स्टॅक्सचा स्टुडिओ मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवर, एका बंद पडलेल्या टॉकीजमध्ये होता. खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन तशीच ठेवली. जमीन आणि छत समांतर नसलं की आवाज दोघांमध्ये सरळ वर-खाली आपटत राहत नाही, तो पसरतो. स्टॅक्सचे ढोल आणि बेस अंगावर येतात त्यात या खोलीचा मोठा वाटा आहे. ‘होम’मध्ये साथीला बुकर टी. अँड द एमजीज आहेत: ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डक डन, ड्रमवर अल जॅक्सन. दोन काळे, दोन गोरे, आणि तेही त्या काळच्या मेम्फिसमध्ये. निर्मिती डॉन निक्स आणि डक डन यांची. म्हणजे बेस वाजवणाराच काचेपलीकडेही हिशेब ठेवत होता, आणि ते ऐकू येतं. बेस कुठंही गाण्याच्या पुढं धावत नाही.

आता दोघांच्या गाण्याबद्दल. आपल्याकडं कलगी-तुऱ्यात सवाल टाकायचा आणि समोरच्यानं जवाब द्यायचा, ही एक रीत. स्टॅक्सचीच जूडी क्ले आणि विल्यम बेल ही जोडी बरीचशी त्या रीतीनं गाते. ‘माय बेबी स्पेशलायझेस’ हे आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर यांनी रचलेलं गाणं आधी त्यांचं आहे आणि ‘होम’मध्येही आहे, म्हणून तुलना सोपी पडते. दोन्ही लागोपाठ लावा. क्ले-बेल एकमेकांची ओळ संपू देतात. डेलनी-बॉनी देत नाहीत. जात्याच्या एकाच खुंट्याला दोन बायकांचे हात असावेत तसं हे चालतं: एकीचा हात ओढत असतानाच दुसरीचा ढकलत असतो, दगड थांबतच नाही. बॉनीचा आवाज जाड आणि किंचित चिरलेला, चर्चमधल्या गाण्यातून आलेला. डेलनीचा त्यापेक्षा गोल. ती वर गेली की तो खाली राहून झील धरतो, आणि तिचा श्वास संपायच्या आत तिची ओळ उचलतो. खंजिरी भजनात झीलकऱ्याची हीच कसोटी असते. उशिरा आला तर भजन पडतं, लवकर आला तर बुवाचा शब्द खातो.

‘पीस ऑफ माय हार्ट’ इथंही आहे. हे गाणं १९६७ मध्ये अर्मा फ्रँकलिननं गायलं, १९६८ मध्ये जॅनिस जॉप्लिननं घराघरांत नेलं. जॉप्लिनची किंकाळी कानात ठेवून ‘होम’ लावली तर हे गाणं फिकं वाटेल. म्हणून ऐकण्याचा क्रम बदला: आधी पहिलंच गाणं ‘इट्स बीन अ लाँग टाइम कमिंग’, मग ‘एव्हरीबडी लव्ह्ज अ विनर’ (हे विल्यम बेल आणि बुकर टी. यांचं), आणि ‘पीस ऑफ माय हार्ट’ सगळ्यात शेवटी. ‘थिंग्ज गेट बेटर’ मात्र दोनदा ऐका, एकदा इथं आणि एकदा ‘ऑन टूर’मध्ये, जिथं तेच पहिलं गाणं आहे. मंचावर ते मोठं झालंय, स्टुडिओत ते नेमकं आहे. मला नेमकं असलेलं आवडतं.

मग एवढी चांगली रेकॉर्ड बुडाली का? दोष गाण्याचा नाही, बाजाराचा. डिसेंबर १९६७ मध्ये स्टॅक्सचा सगळ्यात मोठा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला. १९६८ मध्ये स्टॅक्सचा माल बाजारात पोचवणाऱ्या अटलांटिक कंपनीशी फारकत झाली आणि कराराप्रमाणे स्टॅक्सच्या तोवरच्या मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, अटलांटिककडेच राहिल्या. दुकान उघडं, फळ्या रिकाम्या. त्यावर स्टॅक्सचा कारभार बघणाऱ्या अल बेल यांनी १९६९ च्या मध्यात एका दमात २७ अल्बम बाजारात उतरवले. ‘होम’ त्या लोंढ्यातली. त्यातून उठून दिसली ती आयझॅक हेजची ‘हॉट बटर्ड सोल’, बाकीच्यांकडं बघायला कुणाला सवड नव्हती. आपल्या कापूस बाजारात एकाच दिवशी सगळ्या गाड्या आल्या की चांगल्या मालाचंही असंच होतं. त्यात त्याच वर्षी इलेक्ट्रा कंपनीनं या जोडीची ‘ॲक्सेप्ट नो सबस्टिट्यूट’ काढली आणि जी काही चर्चा झाली ती तिची.

पुढच्या आवृत्त्या समजून घ्यायच्या तर मालकी समजून घ्यावी लागते. स्टॅक्सचं दिवाळं १९७५ च्या शेवटी निघालं. १९६८ नंतरचा साठा १९७७ मध्ये फँटसी कंपनीनं घेतला, आणि २००४ मध्ये फँटसीच काँकर्डकडं गेली. म्हणून ‘होम’ काँकर्डची. ‘ॲक्सेप्ट नो सबस्टिट्यूट’, ‘ऑन टूर’ आणि ‘मोटेल शॉट’ वॉर्नरच्या घरात. १९७२ ची ‘डी अँड बी टुगेदर’ कोलंबियाची, म्हणजे आज सोनीची. एका जोडीचं गाणं असं तीन मालकांच्या कोठारांत वाटलं गेलंय. सगळं एका पेटीत येईल म्हणून वाट बघू नये, सुटं सुटंच घ्यावं.

‘होम’ची घेण्यासारखी आवृत्ती म्हणजे २००६ ची स्टॅक्सची सीडी. नव्यानं साफ केलेला आवाज, शिवाय मूळ रेकॉर्डवर नसलेली त्याच काळातली गाणी. ही जादा गाणी मूळ गाण्यांना चिकटून लगेच सुरू होतात आणि अल्बमचा शेवट बोथट करतात, म्हणून पहिल्यांदा मूळ शेवटापाशी थांबा. ‘ऑन टूर’ची २०१० ची चार सीडींची पेटी ऱ्हायनो हँडमेडनं काढली. तीत डिसेंबर १९६९ च्या इंग्लंडमधल्या मैफली आहेत. तीच तीच गाणी वेगवेगळ्या रात्री कशी बदलतात हे ज्यांना तपासायचंय त्यांनीच घ्यावी. ‘मोटेल शॉट’ची रिअल गॉन म्युझिकनं २०१७ मध्ये काढलेली वाढीव आवृत्ती मात्र पैसे वसूल करणारी आहे.

मूळ एलपी कुणी विकत असेल तर क्रमांक बघा, एसटीएस-२०२६. लेबल पिवळं, त्यावर चुटकी वाजवणारा हात. निळं लेबल आणि रेकॉर्डची चळत हे स्टॅक्सचं १९६८ पूर्वीचं चिन्ह. ते ‘होम’वर दाखवून कुणी जुनी प्रत म्हणत असेल तर पुढं बोलू नका. तबकडी उजेडात तिरकी धरा: धूळ निघते, खोल चरा निघत नाही.

आपल्याकडं ती वाजवायची आणि टिकवायची म्हटलं की तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली पाणी. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यानं रेकॉर्ड कधीच धुऊ नका. पाणी उडून जातं, क्षार खाचेत बसतात आणि सुई त्यावरून जाताना कडकड आवाज येतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, पण डबा वाचून घ्या, शेजारीच ॲसिडचा डबा असतो. एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेनं गोल, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरचा एक हात. लेबल ओलं होऊ देऊ नका.

दुसरी वीज. अमेरिकेतून आलेला जुना प्लेयर ६० सायकलचा (विजेची सेकंदाला ६० आवर्तनं) असेल आणि मोटर सिंक्रोनस, म्हणजे त्या सायकलवरच वेग ठरणारी असेल, तर आपल्या ५० सायकलवर तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी साधारण २७.८ फेरे घेते. बॉनी पुरुषी आवाजात गातेय असं वाटलं तर दोष तिचा नाही. ट्रान्सफॉर्मर लावून फक्त व्होल्टेज बदलतं, वेग बदलत नाही. त्यासाठी मोटरवर ५० सायकलची पुली लागते. सुईचा भार दीड ते दोन ग्रॅम ठेवा, मात्र आपल्या कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कागद काय सांगतो तेच खरं. जुन्या रेडिओग्रामची जड सुई या रेकॉर्डवर लावणं म्हणजे वखर फिरवणं.

तिसरी गोष्ट ऊन. टिनाखाली, पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या लोखंडी कपाटात मे महिन्यात रेकॉर्ड ठेवली तर ती वाकणार. उन्हात उभ्या गाडीत तर एक दुपार पुरते. आतल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर वर, अगदी उभी ठेवा. तिरकी नको, आडवी एकावर एक तर नकोच. पावसाळ्यात बाहेरचं प्लॅस्टिक काढून टाका, नाही तर आत ओल कोंडते आणि पुठ्ठ्याला बुरशी धरते. एकदा वाकलेली तबकडी दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका, खाचा चपट्या होतात.