भोक न पाडता सागरगोट्याचे पेंडंट

सागरगोट्याला घरच्या साधनांनी भोक पाडणे अवघड असते, आणि नेमक्या याच कारणासाठी तारेत बांधायला मी तो निवडला. त्याचे राखाडी कवच इतके कठीण आणि गुळगुळीत असते की ड्रिलचे टोक त्यावरून निसटते; लहानपणी तो फरशीवर घासून भावंडांच्या हाताला चटके दिलेल्यांना हे कवच चांगलेच परिचयाचे असेल. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत सागरगोटे मिळतात. निवडताना मी प्रत्येक दाणा कानाशी हलवून पाहिला, कारण पूर्ण वाळलेल्या सागरगोट्याच्या आतला गर खुळखुळतो, आणि बी अर्धवट वाळलेली असेल तर पुढे ती आकसून तारेची पकड ढिली पडते. लालचुटूक गुंज दिसायला अधिक मोहक खरी, पण तिच्या आत जहाल विष असते. 96 गुंजांचा तोळा मोजणाऱ्या जुन्या सोनारांच्या तराजूतच ती शोभत असावी.

तारेसाठी मी शिवाजी उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत गाठली. मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्यांकडे तांब्याची वायंडिंग वायर वजनावर मिळते आणि तिच्यावर इनॅमलचा थर असल्याने ती काळवंडत नाही. मात्र परदेशी व्हिडिओंमध्ये सांगितलेला गेज (तारेच्या जाडीचा क्रमांक) आणि आपल्या दुकानातला गेज एकच नसतो. त्यांची 20 गेजची तार 0.81 मिलिमीटर जाडीची असते, तर आपल्याकडे त्या जाडीसाठी 21 गेज मागावा लागतो. म्हणून गेजऐवजी मिलिमीटरमध्ये बोलणे बरे. सांगाड्यासाठी 0.8 आणि वेढ्यांसाठी 0.3 मिलिमीटरची तार मी घेतली.

जाड तारेचे दीड-दीड वितीचे तीन तुकडे शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या मधोमध बारीक तारेचे घट्ट वेढे दिले, तो भाग सागरगोट्याच्या बुडाशी धरला आणि सहाही टोके सारख्या अंतराने पसरवून वर उचलली. खरी कसोटी इथून पुढे असते. दाणा गोलसर असल्यामुळे त्याच्या फुगीर भागावर बांधलेली तार हमखास वर किंवा खाली सरकते. त्यामुळे बारीक तारेचे एक कडे फुगवट्याच्या खाली आणि दुसरे वर असे फिरवावे लागते, आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक उभ्या तारेला एक पूर्ण वेढा देऊनच पुढे जावे लागते. वरचे कडे आवळताच दाणा आत बसतो आणि बोटाने फिरवला तरी हलत नाही. इनॅमलवर चरे पडू नयेत म्हणून पकडीच्या दोन्ही ओठांना मी चिकटपट्टी गुंडाळली होती. तांबे वाकवता वाकवता कडक होते, तेव्हा त्याच जागी तार पुन्हा पुन्हा वाकवणे टाळावे. उघडी तार असती तर गॅसवर लालसर तापवून, पाण्यात बुडवून ती पुन्हा मऊ करता आली असती (पोलादाच्या नेमके उलट, हे उद्यमनगरात कोणीही सांगेल). इनॅमलची तार तापवली तर तिचा थरच जळून जातो.

माथ्याशी सहा टोके एकत्र बांधून त्यांतल्या दोहोंची कडी मी पेनाच्या रिफिलवर वळवली, उरलेली कापून आत दाबली आणि कापलेली टोके कानशीने घासली. जुन्या सुती साडीचा पदर त्यावरून अनेकदा ओढून पाहिला आणि एकही धागा अडकेना, तेव्हाच काम पुरे झाले असे मानले.

गुजरी या सराफ पेठेजवळच्या एका पटवेकऱ्याने ते काळ्या रेशमी दोऱ्यात ओवून सरकती गाठ मारून दिली. तारेची दोन-चार वेटोळी समोर असती तर दागिना भरल्यासारखा दिसला असता, असे त्याचे मत पडले. मी ती घातली नाहीत, कारण सागरगोट्याच्या कवचावर बारीक आडव्या रेषा असतात आणि वेटोळी आली की नेमक्या त्याच झाकल्या जातात.