तुम्ही विचारलेत म्हणून: उत्तर सापडल्यावर लिहायचे काय उरते?

"कोडे तर सुटले, चौकोनही भरून झाले, मग त्याच कोड्यावर पुन्हा तासभर लिहीत का बसता?" हा प्रश्न मला घरच्यांनी विचारला आहे, शेजाऱ्यांनी विचारला आहे आणि माझी वही पाहणाऱ्या सहप्रवाशांनीही विचारला आहे. इंग्रजी दैनिकांतली कूट शब्दकोडी, ज्यांना आम्ही सोडवणारे क्रिप्टिक म्हणतो, मी बरीच वर्षे सोडवते आणि त्यातला प्रत्येक क्लू कसा बांधला आहे याचे परीक्षण लिहून ठेवते. याचे कारण असे, की वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी भरलेले कोडे छापते; ते उत्तर का आले, हे मात्र छापत नाही.

ही उणीव मला नोकरीनिमित्त चेन्नईत असताना जाणवली. जेवणाच्या सुट्टीत एक ज्येष्ठ सहकारी 'द हिंदू'चे कोडे सोडवत. नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ॲडमिरल रामदास कटारी या दैनिकासाठी कोडी रचत असत, हेही मला त्यांच्याकडूनच समजले. आडव्या-उभ्या शब्दांतून मिळालेल्या अक्षरांवरून मी अंदाजाने एखादा शब्द सांगितला, की ते पेन्सिल थांबवून फक्त "का?" असे विचारत आणि मला सांगता आले नाही, तर शब्द बरोबर असूनही लिहीत नसत.

क्रिप्टिक क्लूच्या एका टोकाला, म्हणजे अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी, बहुतेक वेळा उत्तराचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात तोच शब्द अक्षरांच्या खेळातून घडवलेला असतो. माझाच एक मराठी क्लू पाहा (कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरे): 'हा काळ जीवघेणा, पोटात चिंता (३)'. सहज वाचताना हे एखाद्या गांजलेल्या माणसाचे उद्गार वाटतात. कोडे म्हणून वाचले, तर 'चिंता' हा अर्थ आहे, 'पोटात' ही खूण आहे, आणि 'हा काळ जीवघेणा' या शब्दांच्या पोटात सलग तीन अक्षरांत उत्तर दडलेले आहे: काळजी. आता सुरुवातीचा 'हा' काढून पाहा. उत्तर तेच येते, परंतु ते शब्दांच्या पोटात न राहता डाव्या काठाला येऊन टेकते आणि 'पोटात' ही खूण खरी राहत नाही. पहिल्या खर्ड्यात मी 'हा' लिहिलेला नव्हता. स्वतःच्याच क्लूचे परीक्षण करताना ती चूक ध्यानात आली. एका अक्षराचा हा फरक चौकोन भरताना दिसत नाही.

हा काटेकोरपणा सुरुवातीपासून नव्हता. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून एडवर्ड पॉइस मॅथर्स 'टॉर्केमाडा' या नावाने अतिशय अवघड कोडी रचत, आणि कोडेकाराने कोणत्या मर्यादा पाळाव्यात याविषयी त्या काळी फारसे काही ठरलेले नव्हते. १९३९ मध्ये त्यांची जागा डेरिक मॅकनट यांनी 'झिमेनीझ' या नावाने घेतली. 'आफ्रिट' या टोपणनावाने कोडी रचणारे ॲलिस्टर रिची यांनी १९४९ मध्ये एक दंडक मांडला: कोडेकाराच्या शब्दांचा वरवर दिसणारा अर्थ त्याच्या मनातला नसला तरी चालेल, पण जे त्याच्या मनात आहे ते त्याच्या शब्दांत असलेच पाहिजे. झिमेनीझ यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात हे नियम विस्ताराने मांडले. टॉर्केमाडा आणि झिमेनीझ ही स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या प्रमुखांची नावे आहेत. छळाशी जोडलेल्या नावांच्या या परंपरेतच सोडवणाऱ्याचे रक्षण करणारे नियम घडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

परीक्षण लिहिताना मी याच दंडकाने क्लू तपासते. एखादा शब्द काहीच काम न करता केवळ वाक्य सजवण्यासाठी आलेला असेल, तर तसे लिहिते. मात्र दोष दाखवण्यापेक्षा चांगल्या क्लूची फोड नीट करून दाखवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण टोपणनावामागे राहून काम करणाऱ्या कोडेकाराला आपला बारकावा कोणाच्या लक्षात आला की नाही, हे एरवी कळण्याचा मार्गच नसतो.

मराठीत असे कोडे होईल का, असेही मला विचारले जाते. अंतर्लापिकेत उत्तर प्रश्नाच्याच शब्दांत लपवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि कलगी-तुऱ्याच्या फडांत भेदिक कवनांतून कूट प्रश्न घातले जात. अडचण आहे ती लिपीची. इंग्रजी अक्षरे सुटी असल्यामुळे ती विस्कटून दुसरा शब्द करता येतो. आपल्या चौकोनात मात्र काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर एकत्रच बसते, त्यामुळे अक्षरांची उलथापालथ क्वचितच साधते. पण शब्दाला शब्द जोडणे ('साप, महापूर: संत्र्यांचे शहर (४)', म्हणजे नागपूर), शब्द उलटणे (गज उलटला की जग) आणि श्लेष हे सारे मराठीत उत्तम जमते. मराठी दैनिकांनी आठवड्यातून एकदा तरी असे कोडे द्यावे, असे मला मनापासून वाटते.

परीक्षणाचा मला स्वतःला सर्वांत मोठा लाभ झाला तो माझ्या चुकीमुळे. अगदी सुरुवातीच्या काळात एका क्लूचे उत्तर 'थेम्स' निघाले. त्यात नदीचा उल्लेख कुठेही नव्हता, 'फ्लॉवर' हा शब्द तेवढा होता. क्लू चुकीचा आहे, असे मी ठामपणे लिहिले. पुढे कळले, की तेच स्पेलिंग 'फ्लो' या क्रियापदापासून 'फ्लो-अर', म्हणजे वाहणारी, असेही वाचता येते आणि ब्रिटिश कोडेकार नदीसाठी ही युक्ती वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. 'वर्कर' म्हणजे मुंगी किंवा मधमाशी आणि 'सेलर' म्हणजे 'टार' (खलाशासाठीचा जुना इंग्रजी शब्द), हेही मी असेच अडखळत शिकले. त्या दिवशी वहीत जुन्या नोंदीखाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली, पण मूळ आक्षेप खोडला नाही. हा छंद नव्याने लागलेली माझी भाची सध्या ती वही वाचते आहे, आणि 'फ्लॉवर'च्या पानावर तिने समासात 'मीपण इथेच अडले' असे लिहून ठेवले आहे.