वंशावळीतला एक चौकोन

मानसोपचारतज्ज्ञांकडे मी पहिल्यांदा गेले ती झोपेची गोळी मागायला. रोज पहाटे चारला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटत राहायचे. कामावर जात होते, स्वयंपाक करत होते, पण कशातही मन लागत नव्हते, आणि असे सात महिने चालले होते. ही २०१९ सालची गोष्ट. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. २७ पैकी माझे १९ गुण झाले. शाळेत गणितात कधी इतके मिळाले नव्हते, असा विनोद मी केला. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी नैराश्याचे निदान सांगितले, गोळ्या लिहून दिल्या आणि परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतील, तोवर मध्येच सोडू नका, असे बजावले.

दुसऱ्या भेटीत त्यांनी कोरा कागद घेतला आणि पेन्सिलीने माझ्या माहेरची वंशावळ काढली. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी वर्तुळ, आणि ज्यांना मानसिक आजार होता त्यांची आकृती भरून काळी करायची. मी आत्याचे वर्तुळ भरायला सांगितले. कोकणातल्या घरी तिला 'बाधा' झाली आहे असे म्हणत, तिच्यासाठी गाऱ्हाणी घातली जात, आणि ती विहिरीवर पाय घसरून गेली असे आम्हा मुलांना सांगण्यात आले होते. वडिलांच्या चौकोनावर पेन्सिल थांबली तेव्हा मी म्हणाले, "त्यांना आजार वगैरे काही नव्हता, ते प्यायचे." चौकोन कोरा राहिला.

वडील लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या असंख्य घरांसारखे आमचेही घर त्यातून पुन्हा उभे राहिले नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आधी पितळेची भांडी गेली, मग आईचे डोरले. आमच्या चाळीच्या लाकडी जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. रात्री वडील चढू लागले की मी पांघरुणात पावले मोजायची; सतरा पावले एका लयीत आली तर ते शुद्धीवर आहेत, बाराव्या-तेराव्या पायरीवर थांबून पुन्हा सुरू झाली तर आईला मार बसणार, हे मला नेमके कळत असे. आज माझ्या इमारतीत लिफ्ट आहे, तरी रात्री तिचे दार वाजले की माझा श्वास क्षणभर अडकतो. डॉक्टरांनी याचे शरीरातले कारण समजावून सांगितले. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतून निघालेला संदेश मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींपर्यंत जातो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रवते. धोका टळल्यावर ही यंत्रणा शांत व्हायला हवी, पण लहानपणी ती वर्षानुवर्षे ताणलेली राहिली, तर पुढे साध्या आवाजानेही ती जागी होऊ शकते.

तरीही मला दोषी एकच हवा होता, आत्याचे रक्त तरी किंवा संप तरी. त्या हट्टापायी मी परस्पर एका खासगी प्रयोगशाळेत लाळेचा नमुना देऊन जनुक-चाचणी करून घेतली, आणि सेरोटोनिन हे मेंदूतले मनःस्थितीशी जोडले जाणारे रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचे 'आखूड' रूप माझ्याकडे आहे, म्हणून धोका जास्त, असा रंगीत अहवाल हाती आला. पैसे बरेच गेले. डॉक्टरांनी तो वाचून बाजूला ठेवला. त्यांनी सांगितले की २००३ मध्ये न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातल्या, जन्मापासून पाहणीत असलेल्या ८४७ तरुणांच्या अभ्यासातून असे दिसले होते, की बालपणी छळ किंवा पुढे मोठे आघात सोसलेल्यांपैकी आखूड रूप असणाऱ्यांना नैराश्य अधिक होते. त्या निष्कर्षाचा फार गाजावाजा झाला. पण २००९ मध्ये अशा १४ अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली तेव्हा तो संबंध टिकला नाही, आणि २०१९ मध्ये लाखो लोकांच्या नोंदींवर अशी १८ गाजलेली जनुके तपासली तेव्हाही हाती काही लागले नाही. जनुकांचा वाटा आहे, पण तो शेकडो-हजारो ठिकाणी विखुरलेला आहे, आणि एकेका ठिकाणचा परिणाम नगण्य आहे. बालपणीच्या छळाचा धोका मात्र अभ्यासामागून अभ्यासात दिसत राहिला आहे.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्याची आनुवंशिकता सुमारे ३७ टक्के धरतात, हे कळल्यावर मी वहीत हिशेबही मांडला होता: ३७ आत्याचे, ६३ संपाचे. डॉक्टर म्हणाल्या, "भाकरी करपली, तर तव्यामुळे किती टक्के आणि विस्तवामुळे किती, हे सांगाल का?" तो आकडा लोकसमूहातल्या माणसामाणसांमधल्या फरकाविषयी आहे, एका माणसाच्या दुःखाची त्यावरून वाटणी होत नाही. माझ्या मुलीने "मलाही होईल का?" असे विचारले होते, तेही मी त्यांच्यापुढे ठेवले. आई किंवा वडिलांना नैराश्य असेल तर मुलांचा धोका इतरांपेक्षा साधारण दोन ते तीन पट असतो, तरी त्यातल्या बहुतेकांना तो आजार होत नाही, असे त्या म्हणाल्या.

गोळ्यांनी पाचव्या आठवड्यापासून झोप सुधारली. समुपदेशनाला वर्ष लागले, त्याविषयी इथे लिहीत नाही. मात्र समुपदेशकांच्या सांगण्यावरून मी दादाशी बोलले. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, त्याच खोलीत वाढलेला, आणि धडधाकट. संपाच्या दुसऱ्याच महिन्यात तो एका कारखान्यात लागला होता आणि बहुतेक रात्री पाळीवर असायचा, म्हणजे घर एक असले तरी ते जिने चढणे त्याच्या वाट्याला आले नव्हते. पण त्याने मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. पाळीवरून तो पहाटे परतायचा तेव्हा बाबा दाराशी अंधारात बसलेले असायचे. गिरणी बंद, भोंगा नाही, कुठे जायचे नाही, तरी चारला उठून बसायचे. दारू त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झाली. आणि आत्या गेली तेव्हाही, म्हणजे संपाच्या कितीतरी आधी, ते असेच दोन महिने कामावर गेले नव्हते.

ज्याच्या पावलांची मला भीती वाटे, त्याच माणसाकडून माझ्याकडे ते पहाटेचे चार वाजणेही आले असावे. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना जुना कागद काढायला सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पेन्सिलीने बाबांचा चौकोन निम्माच भरला, कारण निदान कुणी केलेले नव्हते.