समुद्र निळाच कशाला?

मुंबईचा नकाशा जलरंगात रंगवायला घेतला की हात आपसूक निळ्या ट्यूबकडे जातो. समुद्र निळा, उद्यानं हिरवी, रस्ते पिवळे. झाली भूगोलाची वही तयार. रंगांचे ठरलेले अर्थ बिनधास्त मोडा, पण गडद-फिक्याचा क्रम सांभाळा. नकाशाचा भास त्यावर टिकतो. समुद्र गेरूच्या रंगाचा चालेल, फक्त तो जमिनीपेक्षा दोन पायऱ्या गडद तरी हवा किंवा फिका तरी. दोन्ही सारखेच गडद झाले तर वरळी-माहीमचा किनारा रंगात हरवतो. मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघा, चूक लगेच कळते.

सरावाला ठाण्याची खाडी आणि भांडुप-मुलुंडकडची मिठागरं घ्यावीत. वरून पाहिलं तर ते चौकोन आधीच अर्धं अमूर्त चित्र आहेत. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाडजूड), खरखरीत पोताचा कॉटन कागद, ११ × १५ इंच, चारही बाजूंनी टेप. रंग तीनच: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा).

खाडीसाठी पहिले दोन एकत्र करा. अल्ट्रामरीन जास्त असेल तर निळसर राखाडी येतो, सिएना वाढवला की थेट ओहोटीचा चिखल. दोन्हींचे कण जड असल्याने ते कागदाच्या खळग्यांत बसतात आणि गाळाचा पोत आपोआप उमटतो. गुळगुळीत कागदावर ही मजा फारशी येत नाही. अल्ट्रामरीनऐवजी थॅलो ब्लू घेऊ नका: तो दाणेदार होत नाही, कागदात मुरतो, आणि पुसायला गेलं तरी डाग राहतोच.

मिठागरांच्या चौकोनांमध्ये दीड-दोन मिलिमीटर कोरा कागद सोडा. हेच बांध. कोरड्या पट्टीवरून ओला रंग पलीकडे जात नाही. बुद्धिबळाच्या पटासारखे आधी एकाआड एक चौकोन भरा, वाळले की उरलेले. बांध फुटलाच तर टिश्यूने टिपा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. (वेडेवाकडे तुकडे असले तरी शेजारचे दोन तुकडे वेगळे दिसायला चार रंग पुरतात, सपाट नकाशाला चारांहून जास्त रंग लागत नाहीत, हे गणितज्ञांनी १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं.)

पावसाळ्यात खरी कटकट. हवा दमट, वॉश (पातळ रंगाचा थर) वाळता वाळत नाही, आणि अर्धवट ओल्या रंगावर जास्त ओला ब्रश टेकला की पाणी आतला रंग ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी झालर उमटते. कागदाची चकाकी गेली पण हाताच्या पाठीला गार लागतोय, म्हणजे तो अजून ओला आहे. तेव्हा थांबायचं. हेअर ड्रायर चालेल, पण मास्किंग फ्लुइड (कोरा भाग झाकायचा रबरी द्रव) लावलं असेल तर नको; उष्णतेने ते घट्ट चिकटतं आणि काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येतं.

रेल्वेची रेघ सर्वांत शेवटी, घट्ट लाल गुआशने (अपारदर्शक जलरंगाने), एकाच ओढीत. गिरवलेली रेघ लगेच ओळखू येते.