सावली शोधत केलेली मुंबई

गेल्या मे महिन्यातील एका गुरुवारी मी, सासूबाई आणि आमची दोन मुले असे चौघे एका दिवसापुरते पुण्याहून मुंबईला जाऊन आलो. थोरली सात वर्षांची आहे आणि धाकटा चार वर्षांचा. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते, म्हणून गुरुवार निवडला. दिवस ठरवताना मी वर्तमानपत्रातील तापमानाचा तक्ता पाहिला होता. पुण्याचे कमाल तापमान ३९ अंश आणि मुंबईचे ३४, म्हणजे पाच अंशांनी आपण फायद्यात, असा माझा सरळ हिशेब होता. सासूबाईंचे माहेर परळचे. त्यांनी तो तक्ता पाहिला, त्यावर काहीही न बोलता पिशवीत दोन सुती पंचे, पन्ह्याची बाटली आणि मुलांचे जादा कपडे भरले.

सकाळी ७.१५ च्या डेक्कन क्वीनने निघालो. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मग त्याला आसनही मिळत नाही. ही बचत मी मोठ्या समाधानाने केली आणि लोणावळा येईपर्यंत माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या. पुढच्या वेळी त्याचे पूर्ण तिकीट काढीन. घाट सुरू झाल्यावर थोरलीने बोगदे मोजायला घेतले होते, परंतु प्रत्येक बोगद्यात धाकटा आनंदाने किंचाळत असल्यामुळे तिचा आकडा दोनदा चुकला आणि शेवटी तिने रागाने वही मिटली. १९३० साली सुरू झालेल्या या गाडीला अजूनही भोजनयान आहे, तिथून आलेल्या कटलेटने तो राग निवळला.

साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरलो. वास्तविक दादरला उतरून भायखळ्याची लोकल धरणे अंतराने जवळचे होते, पण सकाळच्या वेळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये दोन लहान मुलांना घेऊन चढण्याचा विचारही सासूबाईंनी करू दिला नाही. शेवटपर्यंत जायचे आणि तिथून गर्दीच्या उलट दिशेने परत यायचे, हा त्यांचा तोडगा होता, आणि तो इतका अचूक ठरला की भायखळ्यापर्यंत मुलांना खिडकीजवळची जागा मिळाली. मशीद आणि सँडहर्स्ट रोड ही दोनच स्थानके मध्ये लागतात. पण तेवढ्या वेळातही माझा कुर्ता पाठीला चिकटला होता. "अगं, इथला उन्हाळा डोक्यावर नसतो, अंगाला चिकटलेला असतो," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या तक्त्याचा हिशेब तिथेच संपला.

थोरलीने कारण विचारले, म्हणून सांगावे लागले. घाम आला की गारवा वाटतो तो घामामुळे नव्हे, तर घाम वाळताना तो अंगातील उष्णता घेऊन जातो म्हणून. पुण्याची हवा कोरडी असल्याने घाम आला कधी आणि वाळला कधी हे कळतही नाही. मुंबईच्या हवेत समुद्राची वाफ आधीच भरलेली असते, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि शरीर तापतच राहते. लहान मुलांच्या अंगात पाण्याचा साठाही मोठ्यांच्या मानाने थोडा असल्याने ती लवकर कोमेजतात. तिने हे शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग आपण का आलो?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तिथून पुढे दिवसभर आम्ही मुंबई पाहिली ती सावलीच्या बेताने.

राणीच्या बागेचे या दृष्टीने जितके कौतुक करावे तितके थोडे. प्राणिसंग्रहालय म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण मुळात ती वनस्पतींची बाग आहे, आणि तिथली जुनी झाडे इतकी दाट आहेत की फाटकातून आत शिरताच रस्त्याचा झळाळ मागे राहतो. कैलासपतीच्या झाडाखाली मुले बराच वेळ रमली. त्याची फुले फांद्यांच्या टोकांना न लागता थेट खोडातून बाहेर आलेल्या डहाळ्यांवर लागतात आणि फळे तोफगोळ्यांसारखी गोल व जड असतात. त्यामुळे मुलांना त्याच्या अगदी खाली उभे राहू दिले नाही. वाघ झाडाच्या सावलीत डोळे मिटून पडला होता आणि कोणी कितीही हाका मारल्या तरी हलत नव्हता. धाकट्याची निराशा झाली; मला मात्र त्या आवारात परिस्थिती नीट समजलेला तो एकटाच वाटला.

पेंग्विनच्या दालनात शिरल्यावर मुलांचा नूर पालटला. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन दक्षिण अमेरिकेच्या, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे असून ते बर्फात राहत नाहीत, ही गोष्ट थोरलीला अजिबात पटली नाही. तिच्या पुस्तकातले पेंग्विन बर्फावर उभे असतात. तरीही त्यांना भायखळ्याचा मे सोसणारा नाही, म्हणून काचेच्या पलीकडे १६ ते १८ अंश तापमान राखलेले असते. धाकटा त्या काचेला गाल लावून उभा राहिला, आणि मागच्या रांगेतील लोकांची क्षमा मागत आम्ही त्याला दोनदा तिथून सोडवले. पेंग्विनकडे त्याचे फारसे लक्ष नव्हते असे मला आजही वाटते.

बाहेर पडताना भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती पाहिला. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला नेण्याचा घाट घातला, उचलताना तो फुटला, त्याचे तुकडे या बागेत आणून टाकले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जुळवण्यात आले. सासूबाई लहानपणी इथे येत तेव्हा त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. "आम्ही नुसते याच्या सावलीत शेंगा खायचो," एवढीच त्यांची माहिती.

जेवण फोर्टातल्या एका उडुपी उपाहारगृहात झाले. पंखा डोक्यावर होता, याहून अधिक काही सांगण्यासारखे नाही. त्यानंतर सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राकडे जाणाऱ्या दुमजली बसमध्ये चढलो. जुन्या डिझेलवरच्या दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्या सासूबाईंच्या ओळखीच्या. आताच्या बस विजेवर चालतात आणि वातानुकूलित आहेत. वरच्या मजल्यावर पुढची काच मिळाल्यामुळे मुलांना आपणच बस चालवतो आहोत असे वाटत होते. या बसमधून उतरायलाच नको होते.

पण समुद्र पाहण्याचा हट्ट होता आणि तो हट्ट मुलांइतकाच माझाही होता. दुपारी तीन वाजता आम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी गेलो. या जागेची जेवढी छायाचित्रे मी पाहिली आहेत ती सगळी संध्याकाळची किंवा पावसाळ्यातली का असतात, हे त्या दिवशी समजले. सावली म्हणून तिथे काहीच नाही. आखूड चड्डीतला धाकटा धावत जाऊन कठड्यावर बसला आणि त्याच क्षणी भोकाड पसरून उठला. सिमेंट तव्यासारखे तापले होते. त्याला शांत करेपर्यंत त्याचा चेहरा लालबुंद झाला आणि तो पाणीही नको म्हणू लागला, तेव्हा मी खरोखर घाबरले. सासूबाईंनी पंचा भिजवून त्याच्या मानेवर आणि डोक्यावर ठेवला, स्वतः त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये पदर धरून उभ्या राहिल्या आणि पन्हे चमच्याचमच्याने पाजले. दुपारी जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते आणि म्हणून समुद्राकडून वारा येऊ लागतो. तो वारा त्या ओल्या पंच्यावरून वाहू लागल्यावर पाच-दहा मिनिटांत मुलगा हसू लागला. आम्ही मिळेल ती टॅक्सी धरून परत फिरलो.

गाडीला तासाभराचा अवधी होता. तो सीएसएमटीच्या जुन्या इमारतीतील तिकीटघराच्या उंच दालनात काढला. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार ही इमारत १८७८ ते १८८८ या काळात बांधली गेली, तेव्हा गारव्यासाठी भिंतींची जाडी आणि छताची उंची एवढीच साधने होती, आणि ती अजून काम देतात. बाहेरच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेला आहे. हा वाघ निदान डोळे उघडे ठेवून आहे, असे थोरलीने नमूद केले.

५.१० ला गाडी सुटली आणि ठाण्याच्या आधीच दोन्ही मुले झोपली. कर्जतला घाट चढवण्यासाठी मागून इंजिने जोडताना बसलेल्या धक्क्यानेही ती जागी झाली नाहीत, त्यामुळे बोगदे पुन्हा मोजायचे राहिले. लोणावळ्याला दारातून कोरडा वारा आत आला. सासूबाईंनी धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला खुणेने दाखवले: दिवसभर ओला राहिलेला त्याचा सदरा अखेर वाळला होता आणि त्यावर मिठाची एक पांढरी, वेडीवाकडी रेघ उमटली होती.