आमची वाटचाल : आधी बोलणं, मग लिहिणं

आमचा क्लास उभा राहिला तो व्याकरणाच्या नोट्सवर. मी आणि माझी मैत्रीण, दोघी इंग्रजीच्या शिक्षिका. शाळेतली नोकरी सोडून हायस्कूलच्या मुलांसाठी क्लास काढला आणि पहिली तीन वर्षं काळ, प्रयोग, रिकाम्या जागा हेच शिकवत राहिलो. मुलांना मार्क पडत होते, पालक खूश होते, बॅच चाळीसवर गेली होती.

नववीतल्या एका मुलीला व्याकरणात पैकीच्या पैकी मार्क होते. काल का आली नाहीस, असं मी तिला इंग्रजीत सहज विचारलं. ती उभी राहिली, ओठ हलले, नजर छताकडे. मनात मराठी वाक्य जुळवून त्याचं शेवटचं क्रियापद उचलून मध्ये आणायचं, मराठीत नसलेलं ‘अ’ की ‘द’ ते ठरवायचं, एवढं सगळं तिचं चाललं होतं. तोवर मी पुढच्या मुलाकडे वळलेही होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. कमी पडलं होतं ते माझं थांबणं.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. आम्ही बॅच सोळाची केली. उत्पन्न निम्म्याहून खाली आलं, पण प्रत्येक मुलासाठी थांबायला वेळ मिळाला.

मग वाचन. एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी आपली ओळ कुठली येणार ते मोजत बसायचं, ही पद्धत बंद केली. उतारा देऊन न कळणाऱ्या शब्दांखाली रेघ मारायला सांगितलं, तर शंभरात बारा-पंधरा रेघा! शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या मते कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अडावेत. आम्ही सोपी पुस्तकं आणली आणि रोज वीस मिनिटं ज्याने त्याने मनात वाचायचं ठरवलं. ‘एवढ्या मोठ्या मुलीला लहान मुलांची पुस्तकं?’ म्हणत काही पालकांनी मुलं काढून घेतली. फार वाईट वाटलं, पण पुस्तकं बदलली नाहीत.

माझा सर्वांत लाडका तास बोलण्याचा. तीच गोष्ट तीन जोडीदारांना सांगायची, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. एक मुलगा सायकलचं पंक्चर कसं काढतात ते सांगत होता. पहिल्या फेरीत तो ‘ट्यूब... ट्यूब...’ करत अडकला, बुडबुड्यांना शब्द सापडेना, पाण्यात हात बुडवल्याची खूण केली. दुसऱ्या जोडीदारीणीने ‘बबल्स’ पुरवला. तिसऱ्या फेरीत तो शब्द त्याच्याच तोंडून निघाला आणि दोन मिनिटं पुरली नाहीत. लगेच वह्या उघडायला सांगितल्या. निबंध म्हटलं की चार ओळींवर थांबणाऱ्या त्या मुलाने दीड पान लिहिलं. तेव्हापासून आमच्याकडे बोलल्याशिवाय कुणी लिहीत नाही.

मधलं एक वर्ष आम्ही चुकलो. व्याकरण जवळजवळ टाकूनच दिलं आणि मुलं भराभर ‘ही गो’, ‘शी टेल मी’ म्हणू लागली. त्या सवयी मोडायला पुढचं सगळं वर्ष गेलं. आता व्याकरण मुलांच्याच लिखाणातून येतं. वहीत लाल शाईचा सडा न घालता एका वेळी दोनच प्रकारच्या चुका दाखवतो, समजा भूतकाळ आणि ‘अ-द’, आणि तोच मजकूर पुन्हा लिहून घेतो. सोळा वह्या दोनदा वाचायला संध्याकाळ अपुरी पडते. म्हणूनच बॅच वाढवायची विनंती आम्ही अजून मान्य केलेली नाही.

यंदापासून दुसरे शिक्षक आमचे तास बघायला येऊन बसतात. त्यांना आधी हातात घड्याळ देते आणि माझ्या प्रश्नानंतरची शांतता मोजायला सांगते. अजूनही कधीकधी ती दोन सेकंदांचीच भरते.