भूगोलाच्या बाई आणि 93 चा हिवाळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहून द्या असा फोन आला तेव्हा लगेच हो म्हटलं आणि लिहायला बसल्यावर कळलं की मला फक्त बाईंबद्दलच लिहायचंय. भूगोलाच्या बाई. नाव घालत नाही, आपल्यातल्या कुणाला सांगायची गरजच नाही. बाकीच्या सरांनी रागावू नये, तुमच्यामुळे दहावी सुटली, पण बाईंचं वेगळंय.

आपल्याकडे, कोयना भागात, भूकंपाचे हादरे नवीन नव्हतेच. जमिनीतून गूड असा आवाज यायचा, मांडणीवरची भांडी वाजायची, आई "आला बघ" म्हणायची आणि परत भाकरी थापायला लागायची. पण 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे लातूरकडं किल्लारीला मोठा भूकंप झाला आणि ते पेपरातले फोटो बघून सगळ्यांचं धाबं दणाणलं. आम्ही नववीत होतो. गावात दोनच प्रकारची माणसं उरली, एक रात्री घोंगड्या घेऊन शेतात झोपणारी आणि दुसरी "कायबी होत न्हाय, 67 ला व्हायचं ते होऊन गेलं" म्हणणारी. आमचे वडील दुसऱ्यातले.

वर्गात एका मुलीने विचारलं, आपल्याकडे परत होणार का? बाईंनी पुस्तक मिटलं. "होऊ शकतो. मोठाही होऊ शकतो. कधी ते कुणालाच सांगता येत नाही, आणि जो तारीख सांगेल तो थापा मारतोय." आम्हाला इतकं सरळ उत्तर तोवर कुणी दिलंच नव्हतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे आपल्याकडे मोठा भूकंप झाला तेव्हा त्या स्वतः कोयनानगरला होत्या, लहान होत्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तेव्हा 180 च्या आसपास माणसं गेली. किल्लारीला जवळपास दहा हजार, आणि भूकंप काही त्याहून मोठा नव्हता. बाई म्हणाल्या, तिथं दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि आदल्या दिवशीच गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसं, त्या भिंतींनी मारलंय त्यांना.

मग कुणीतरी कोयना धरणाची अफवा काढली, तडे गेलेत म्हणून. बाई म्हणाल्या 67 ला खरंच गेले होते, लपवायचं काय त्यात, म्हणून तर मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केलं. शंभर टीएमसीच्या आसपास पाणी वर आहे हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

आणि गृहपाठ काय दिला, तर घरी जाऊन बघा, झोपता तिथं डोक्यावर काय आहे.

आमच्या आजीच्या खाटेवर फळी होती आणि फळीवर तिच्या लग्नातला पितळी हंडा. मी वहीत लिहिलं, घरी सांगितलं, वडील हसले. रविवारी बाई घरी आल्या. चहा घेतला, उसाच्या बिलाची चौकशी केली, भूकंपाचं नावसुद्धा काढलं नाही, आणि उठता उठता वर बघत म्हणाल्या, "आजी, हंडा लई झ्याक आहे, खाली घेऊया का?" आजी म्हणाली, "माज्या आईनं दिलाय, नजरंम्होरं पायजे." बाई म्हणाल्या, "मग नजरेसमोर ठेवू की, डोक्यावर कशाला?" वडिलांनी स्वतः उतरवला आणि समोरच्या कोपऱ्यात ठेवला, तोंडाने मात्र "कायबी होत न्हाय" चालूच.

डिसेंबरात आपल्याकडेही चांगला जोरात धक्का बसला. घंटा झाली की पडवीत रेंगाळायचं नाही, कौलं तिथंच पडतात, थेट मैदानात, हे बाईंनी इतक्यांदा करून घेतलं होतं की पाचवीतली पोरंसुद्धा आम्हालाच "पडवीत थांबू नका" म्हणून ओरडायची.

आता माझं चिंचवडला छोटं वर्कशॉप आहे, फॅब्रिकेशनचं. लॉकडाऊनमधे कामं बंद पडली तेव्हा सगळ्या पोरांना बसवून बँकेत किती पैसे आहेत, किती महिने पगार जाईल, नाही जमलं तर काय, हे आकडे सरळ सांगितले. बायको म्हणाली घाबरतील, सोडून जातील. दोघं गेले, बाकीचे अजून आहेत. हे मी कुठल्या मॅनेजमेंटच्या कोर्समधे शिकलेलो नाही.

शाळेची नवी इमारत फोटोत पाहिली, आरसीसी आहे, छान झालंय. पण मैदानाच्या अर्ध्या भागात स्टेज आणि शेड बघून वाईट वाटलं, आता घंटा झाली तर पोरं जाणार कुठं? आणि आपला माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, साधा तीन रिश्टरचा धक्का बसला तरी "आज रात्री मोठा येणार" हे फॉरवर्ड लगेच हजर. बाईंना ग्रुपवर घ्या रे कुणीतरी.

अजून एक, त्याच फोटोत लायब्ररीची लोखंडी कपाटं भिंतीला नुसती टेकवून उभी दिसतायत आणि खाली पोरं वाचत बसलीयत. समितीने फक्त मापं आणि कपाटं किती ते कळवावं, क्लॅम्प माझ्याकडेच होतात, कार्यक्रमाला येताना ड्रिल मशीन घेऊनच येतो.